पाच पायऱ्या कमी

दाभोळला पोचलो तेव्हा भरती उतरत होती.
मशिदीच्या आवारात मुनाफ सारंगने
खिशातून होकायंत्र काढलं.
तीस वर्षं टँकरवर काढलेला माणूस,
अल्लाच्या घरातही आधी दिशा तपासतो.
काटा थरथरला, थांबला.
"पश्चिमेच्या जरा उजवीकडे," म्हणाला,
"वायंगणकर, बांधणाऱ्याकडे यंत्र काय होतं कोण जाणे,
पण दर्याला त्यानं पाठ दाखवली नाही."
बाहेर कुंपणावर जाळं वाळत होतं,
काळ्या दगडाला माशाचा वास येत होता.

मी बंदर खात्यातला निवृत्त कारकून.
जन्मभर होड्यांची नावं वहीत लिहिली
आणि मला होडी लागते.
धोपाव्याच्या फेरीबोटीवर मी गाडीतच डोळे मिटून बसलो.
मुनाफ हसला नाही.
वीस वर्षांची मैत्री, हिशेब केला तर एवढीच.

मग खाड्या, पूल, पुन्हा खाड्या.
एका गावात (नाव सांगत नाही,
तिथल्या लोकांनी तशी विनंती केली)
लांबून घरच वाटलेली मशीद:
मंगळुरी कौलं, ओटा, ओट्यावर मांजर,
आणि आत तुळईच्या जागी गलबताची डोलकाठी.
मुनाफने बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं.
"साग. मलबारी."
बस्स. मग चहा आला, बशीत नारळाच्या वड्या आल्या,
आणि कोणाचा कोण दुबईला आहे
यावर तासभर गेला.

पत्रादेवीला सीमा म्हणजे
एक गतिरोधक, आणि पलीकडे दारूच्या दुकानांची रांग.
"हलीमाआपा सात वर्षांची होती," मुनाफ म्हणाला,
"तेव्हा इथे पाखल्यांचा शिपाई उभा असायचा.
बाबा फोंड्याला चुना भाजायला निघालेले.
शिपायानं गाठोड्यात हात घातला,
सुकट हुंगली, नाक मुरडलं, जा म्हणाला.
आपा अजून ते नाक करून दाखवते."

आपा आता दाभोळला खाटेवर आहे.
तिनं काही आणायला सांगितलं नव्हतं,
ना अत्तर, ना काजू.
फक्त, "साफा मशिदीच्या तळ्याच्या पायऱ्या मोज.
मी रोज मोजायचे."

फोंड्यात दुपार. जांभा तापलेला, तळं गच्च भरलेलं,
पाण्यात कोनाड्यांच्या कमानी उलट्या.
मुनाफ वरून मोजत उतरला,
खालून मोजत चढला,
मग फोन लावला.
पलीकडून आपाचा आवाज मलाही ऐकू आला:
"चुकलास. पाच कमी सांगतोयस."
"आपा, पाणी वर आहे. कार्तिक आहे."
"मग त्या गेल्या कुठे?"

यावर त्याच्याकडे उत्तर होतं,
शाळेतल्या पोराकडेही असेल.
पण तो पासष्ट वर्षांचा बाप्या
फोन माझ्या हातात देऊन
चपला काढून पाण्यात उतरला.
राखणदार जेवायला गेला होता.
शेवाळावर पाय चाचपत, एक,
मांडीपर्यंत, दोन,
तीन म्हणताना घसरला, सावरला,
चार म्हणताना हसत होता.
पाचवी मला दिसली नाही,
फक्त त्याचा चेहरा दिसला.
फोनमध्ये आपा श्वास धरून.
"आहेत," मी सांगितलं. "सगळ्या आहेत."
तिनं फोन ठेवला नाही, बोललीही नाही.

परतीला बांद्याच्या नाक्यावर टॉर्च.
"काय आसा रे डिकीत?"
"काही नाही."
"गोव्यातसून येतास आणि काय नाय?"
डिकी उघडली, स्टेपनीखालीसुद्धा पाहिलं.
मग उजेड मुनाफच्या पायांवर थांबला.
"पॅन्ट कशी भिजली?"
"तळ्याच्या पायऱ्या मोजत होतो."
हवालदारानं वाकून हुंगलं.
नुसतं शेवाळ.
टॉर्च विझवता विझवता म्हणाला,
"मगे? किती भरल्यो?"

सावंतवाडीपर्यंत मुनाफ पाय चोळत बसला होता.
होकायंत्र समोर काचेपाशी ठेवलेलं,
घाटाच्या प्रत्येक वळणाला
काही वेगळंच सांगत होतं.